घरी लिहिलेला कोड, नोकरीतला विषय: ‘अ‍ॅव्हटेक विरुद्ध पायफर’ प्रकरणाचा अभ्यास

नोकरीत असलेल्या माणसाने लिहिलेला कोड कंपनीचा, असं आपण सर्रास म्हणतो. ऑफिसच्या वेळात, वरून आलेल्या टास्कवर, कंपनीच्या रिपॉझिटरीत (कोड साठवण्याच्या जागेत) लिहिलेल्या कोडबद्दल ते खरंही आहे. त्यावरून सहसा कोणी कोर्टाची पायरी चढत नाही. भांडण लागतं ते वेगळ्याच कोडवरून. काम संपल्यावर घरी, स्वतःच्या मशीनवर, कोणी न सांगता लिहिलेला कोड, पण विषय मात्र नोकरीतलाच. अशा कोडचा मालक कोण, हे समजून घ्यायला अमेरिकेतलं ‘अ‍ॅव्हटेक सिस्टिम्स विरुद्ध पायफर’ हे प्रकरण मला आजही सगळ्यात उपयोगी वाटतं. त्याचा शेवटचा निकाल 1995 साली लागला. तेव्हा कोड ठेवण्याची गिटहब ही वेबसाइट नव्हती आणि घरून काम करण्याची पद्धतही रुळलेली नव्हती. तरीही त्या कोर्टांनी विचारलेले प्रश्न आज नोकरी सांभाळून साइड प्रोजेक्ट करणाऱ्याला जसेच्या तसे लागू पडतात.

काय घडलं

अ‍ॅव्हटेक ही कंपनी अमेरिकेच्या सरकारी खात्यांना अवकाशविषयक संगणक सेवा आणि उत्पादनं पुरवत असे. पायफर तिथे 1984 मध्ये लागले. उपग्रह आणि संगणकावरचं सिम्युलेशन हा त्यांच्या नोकरीचा प्रांत. नोकरी चालू असतानाच त्यांनी घरी, स्वतःच्या मॅकिंटॉशवर, उपग्रहांच्या कक्षा पडद्यावर दाखवणारा एक प्रोग्राम लिहिला. कोर्टाच्या कागदपत्रांत त्याला ‘ऑर्बिट प्रोग्राम’ म्हटलं आहे. हे काम कंपनीने सोपवलेलं नव्हतं, त्यासाठी मुदत ठरलेली नव्हती आणि कोणी वरिष्ठ ते तपासतही नव्हता.

पुढे कंपनीला प्रोग्रामची माहिती झाली आणि तो आवडलाही. ग्राहकांना आपली ताकद दाखवायची तर डेमोसाठी यापेक्षा चांगलं काय? अ‍ॅव्हटेकने तो तसा वापरला आणि पायफर यांनीही वापरू दिला. इथपर्यंत कोणाचीच तक्रार नव्हती. नंतर पायफर यांनी सुधारलेली आवृत्ती दुसऱ्या एका फर्ममार्फत बाजारात आणली आणि त्या विक्रीतून त्यांना पैसे मिळू लागले. अ‍ॅव्हटेकला हे कळलं आणि प्रकरण 1992 मध्ये कोर्टात गेलं.

त्या सुमाराची एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. कॉपीराइट कार्यालयात दोन्ही बाजूंनी आपापली नोंदणी केली. कंपनीने .309 क्रमांकाची जुनी आवृत्ती स्वतःच्या नावावर नोंदवली आणि पायफर यांनी 2.05 ही नवी आवृत्ती. कार्यालय अर्ज घेताना खरा मालक कोण याचा निवाडा करत नाही, त्यामुळे दोन्ही नोंदण्या झाल्या. पण कंपनीने जुनी आवृत्ती का धरली, हे लक्षात घ्यायला हवं. नवी आवृत्ती जुनीवर उभी असते. मुळातली आवृत्ती कंपनीची ठरली असती, तर तिच्यावर बांधलेली 2.05 परवानगीशिवाय विकणं हेच उल्लंघन झालं असतं. आज कोणी रविवारी घरी सुरू केलेल्या कोड लायब्ररीत (इतर प्रोग्रामांत वापरता येणाऱ्या कोडच्या संचात) पुढे ऑफिसच्या वेळात चार फंक्शन्स घालतो, तेव्हा तोच गुंता उलट्या दिशेने तयार होतो. पहिली आवृत्ती त्याची, भर कंपनीची. सगळं एकाच फोल्डरमध्ये असलं तरी प्रत्येक भागाची मालकी वेगळी तपासावी लागते.

पहिला निकाल आणि तो का टिकला नाही

व्हर्जिनियातल्या फेडरल जिल्हा कोर्टाने 1992 मध्ये मधला मार्ग काढला. कॉपीराइट पायफर यांचा, असं कोर्टाने धरलं. पण डेमोचं साधन म्हणून हा प्रोग्राम वापरण्यात कंपनीचं व्यापारी गुपित होतं, ते बाहेर नेऊन पायफर यांनी नोकर म्हणून असलेलं निष्ठेचं कर्तव्य मोडलं, म्हणून विक्रीचा फायदा कंपनीला द्यावा, असंही सांगितलं. वरवर पाहता हा निकाल समंजस वाटतो. ज्याने लिहिलं त्याचं नाव राहिलं आणि ज्याच्या पगारावर तो जगत होता त्याला पैसे मिळाले.

चौथ्या सर्किटच्या, म्हणजे व्हर्जिनियातली अपिलं ऐकणाऱ्या फेडरल अपील कोर्टाने 1994 मध्ये हा निकाल रद्द करून प्रकरण परत पाठवलं. त्याचं कारण मला या सगळ्या प्रकरणाचा गाभा वाटतं. कॉपीराइटची मालकी ठरते ती कृती, म्हणजे प्रोग्राम किंवा पुस्तकासारखी निर्मिती, तयार होते त्या क्षणी. नंतर कंपनीने ती वापरली का, तिचा फायदा झाला का, हे मालकी ठरवताना मोजायचं नसतं. खालच्या कोर्टाने लक्ष द्यायला हवं होतं ते प्रोग्राम लिहिला जात असतानाच्या परिस्थितीकडे. आणि प्रोग्राम पायफर यांचाच असेल, तर तो कंपनीचं गुपित कसा, हाही प्रश्न पुन्हा तपासणं भाग होतं.

अमेरिकेच्या 1976च्या कॉपीराइट कायद्याची रचनाच तशी आहे. नोकरीच्या कक्षेत केलेली कृती असेल तर कायद्याच्या नजरेत तिची लेखक नोकरी देणारी कंपनीच असते, पहिल्या ओळीपासून. तिथे हस्तांतरणाचा प्रश्नच येत नाही. कृती त्या कक्षेबाहेरची असेल तर लेखक नोकरच, आणि त्याच्याकडून मालकी घ्यायची तर सही असलेला लेखी कागद लागतो. तोंडी होकार, मीटिंगमधली मान डोलावणी, बोनस, वर्षानुवर्षांचा वापर यांतल्या कशानेही मालकी सरकत नाही. फार तर वापरण्याची परवानगी गृहीत धरली जाते, तीही अशी, की लिहिणारा तोच कोड इतरांनाही देऊ शकतो.

यावर मी इतका भर देतो, कारण दोन्ही बाजूंच्या चुका इथेच होतात. मॅनेजर म्हणतो, ‘हे टूल आपण तीन वर्षं प्रॉडक्शनमध्ये चालवतोय, आता ते आपलंच.’ प्रोग्रामर म्हणतो, ‘मीच तर कंपनीला दिलं, आता माझा काय हक्क राहिला?’ दोघेही नंतरच्या घटनांकडे बघून मालकी ठरवतात. उलट बाजूही तितकीच खरी आहे. कंपनीसाठी लिहिलेलं स्क्रिप्ट कंपनीने कधीच वापरलं नाही, धूळ खात पडलं, म्हणून ते लिहिणाऱ्याचं होत नाही.

तीन कसोट्या

‘नोकरीच्या कक्षेत’ म्हणजे नेमकं काय, हे कॉपीराइट कायद्यात सांगितलेलं नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये एका शिल्पाच्या वादात (‘सीसीएनव्ही विरुद्ध रीड’) सांगितलं की असे शब्द मालक-नोकर संबंधांच्या सर्वसाधारण कायद्यावरून समजून घ्यायचे. तो वाद एका संस्थेने शिल्पकाराकडून करून घेतलेल्या मूर्तीचा होता, पण प्रोग्रामरांच्या प्रकरणांना त्यानेच दिशा दिली. त्यावरून कोर्टं ‘रीस्टेटमेंट ऑफ एजन्सी’ या, कायद्याची तत्त्वं एकत्र मांडणाऱ्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीतल्या तीन कसोट्या लावू लागली. काम नोकराला ज्या प्रकारच्या कामासाठी ठेवलं त्या प्रकारचं होतं का? ते बऱ्याच अंशी नोकरीच्या वेळेत आणि जागेत झालं का? आणि ते करण्यामागे, निदान काही अंशी, मालकाची सेवा करण्याचा हेतू होता का? कृती आपली म्हणणाऱ्या कंपनीला तत्त्वतः तिन्ही गोष्टी सिद्ध कराव्या लागतात, पण दुसरीवर कोर्टं नेहमीच अडत नाहीत.

पहिली कसोटी अ‍ॅव्हटेकला सोपी होती. उपग्रहांवर काम करणाऱ्या प्रोग्रामरने उपग्रहांचाच प्रोग्राम लिहिला, तो त्या प्रकारचा नाही असं कोण म्हणेल? आपल्याकडचे बरेच जण इथेच हार मानतात. विषय एकच आहे, मग कोड कंपनीचाच, असं त्यांना वाटतं. पण ही तिन्हींतली एक कसोटी झाली.

दुसरी कसोटी दिसते तितकी भक्कम नाही. ‘मी घरी लिहिलं, माझ्या लॅपटॉपवर लिहिलं’ हा बचाव ऐकायला ठाम वाटतो. तो एकटा किती तोकडा पडतो, हे 1992च्याच दुसऱ्या एका निकालात दिसतं. ‘मिलर विरुद्ध सीपी केमिकल्स’ या प्रकरणातले मिलर प्रोग्रामर नव्हतेच. एका रासायनिक कंपनीच्या गुणवत्ता तपासणी प्रयोगशाळेचे ते प्रमुख होते. प्रयोगशाळेतली आकडेमोड सोपी व्हावी म्हणून त्यांनी बहुतेक वेळ घरी, स्वतःच्या संगणकावर, जादा पगार न घेता प्रोग्राम लिहिले. नोकरीतून गेल्यावर त्यांनी ते आपले म्हटले आणि ते हरले. कोर्टाचं म्हणणं साधं होतं. वेळ आणि जागा मिलर यांच्या बाजूने असली तरी तो प्रोग्राम प्रयोगशाळेची अडचण सोडवण्यासाठीच जन्माला आला होता, म्हणजे मूळ हेतू कंपनीचं काम सुधारण्याचा होता.

ही दोन प्रकरणं शेजारी ठेवली की तिसऱ्या कसोटीचं वजन कळतं. ज्याच्या हुद्द्यात प्रोग्रामिंग नव्हतं त्याचा कोड कंपनीकडे गेला. ज्याचा हुद्दाच प्रोग्रामरचा होता, आणि विषयही तोच होता, त्याचा कोड मात्र शेवटी त्याच्याकडेच राहिला. प्रकरण परत आल्यावर जिल्हा कोर्टाने तिन्ही कसोट्या नव्याने लावल्या. प्रोग्राम पायफर यांनी फावल्या वेळात, स्वतःच्या साधनांवर, छंद म्हणून लिहिला होता. कंपनीच्या एखाद्या विशिष्ट अडचणीवरचा तोडगा म्हणून तो लिहिलेला नव्हता. लिहिताना कंपनीची सेवा करण्याचा हेतू लक्षणीय प्रमाणात होता, हे अ‍ॅव्हटेकला दाखवता आलं नाही. कॉपीराइट पायफर यांचाच ठरला आणि 1995 मध्ये अपील कोर्टाने तो निकाल कायम केला.

तिसरी कसोटी मनाची असली तरी तिचा पुरावा कागदाचा असतो. त्या वेळी ज्या खुणा मोजल्या गेल्या त्या आज आपण रोज, नकळत मागे सोडतो. ऑफिसच्या कामाचा टिकेट क्रमांक लिहिलेला कमिट मेसेज (कोडमधल्या बदलासोबतची नोंद), ऑफिसच्या चॅटवर टाकलेलं ‘आपला रोजचा रिपोर्ट यातून निघेल, रात्री करून ठेवतो’, टेस्टसाठी वापरलेला कंपनीचा डेटा, कॉन्फिग फाइलमध्ये राहून गेलेलं कंपनीच्या सर्व्हरचं नाव. यातली प्रत्येक गोष्ट सांगते की कोड कोणाच्या गरजेतून आला. कमिटमध्ये लेखक म्हणून असलेलं नाव किंवा फाइलच्या डोक्यावरची कॉपीराइटची ओळ यांना त्यापुढे फारसा अर्थ उरत नाही. ते नाव कोणी टाइप केलं एवढंच सांगतं.

कागद असता तर

ही सगळी चिकित्सा करावी लागली, कारण निकाल कायद्याच्या सर्वसाधारण नियमावर अवलंबून होता. नोकरीच्या काळात व्यवसायाशी संबंधित जे काही कराल त्याची मालकी कंपनीला दिली, असं स्पष्ट कलम सहीनिशी असतं, तर घर, छंद, मॅकिंटॉश यांपैकी फार थोडं कामी आलं असतं.

असा कागद किती दूरवर पोचतो, हे टेक्ससमधल्या ‘ब्राउन विरुद्ध अल्काटेल’ प्रकरणात दिसतं. ब्राउन 1987 पासून डीएससी कम्युनिकेशन्समध्ये होते. त्यांनी शोध कंपनीला देण्याच्या करारावर सही केलेली होती. मशीनचा बायनरी कोड उलटा उच्चस्तरीय सोर्स कोडमध्ये बदलण्याची एक युक्ती त्यांच्या डोक्यात होती. ती नोकरीच्या कितीतरी आधीपासूनची आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. 1996 मध्ये त्यांनी कंपनीकडे तिचा विषय काढला. बोलणी फिसकटली, नोकरी गेली आणि वर खटलाही झाला. पुढे डीएससी अल्काटेलने घेतली, खटला चालूच राहिला आणि 2004 मध्ये अपील कोर्टानेही कंपनीच्याच बाजूने कौल दिला. कोड लिहूनही झाला नव्हता, तरी करारामुळे डोक्यातली कल्पनाही कंपनीची ठरली. कॉपीराइट कल्पनेला कधीच लागू होत नाही, तो फक्त लिहिलेल्या कोडला लागू होतो. करार मात्र तिथपर्यंत पोचू शकतो. मला हा निकाल कायद्याने बरोबर आणि माणूस म्हणून अतिशय कठोर वाटतो. म्हणूनच सही करण्याआधी ते कलम शब्दन् शब्द वाचणं मी पगाराच्या आकड्याइतकंच महत्त्वाचं मानतो.

कॅलिफोर्नियाने या ताकदीला लगाम घातला आहे. तिथल्या कामगार कायद्याचं कलम 2870 सांगतं की पूर्णपणे स्वतःच्या वेळात, कंपनीची साधनं, सामग्री किंवा व्यापारी गुपितं न वापरता केलेला शोध करारानेही कंपनीकडे घेता येत नाही. पण अपवाद मोठे आहेत. शोध कंपनीच्या व्यवसायाशी किंवा प्रत्यक्ष चालू असलेल्या, होऊ घातलेल्या संशोधनाशी संबंधित असेल, किंवा कंपनीसाठी केलेल्या कामातून निघाला असेल, तर हे संरक्षण सुटतं. पायफर यांच्यासारखा माणूस असा करार करून बसला असता, तर या कलमाने त्याला वाचवलं असतं का, याबद्दल मला दाट शंका आहे. उपग्रहांच्या धंद्यातल्या कंपनीत उपग्रहांचा प्रोग्राम, ‘संबंधित’ याहून अधिक ते काय असणार?

पेटंटचा नियम वेगळा आहे, आणि तो कॉपीराइटशी गल्लत करून सांगितला जातो म्हणून इथे नोंदवतो. 1933च्या ‘युनायटेड स्टेट्स विरुद्ध ड्युबिलियर’ निकालात सरकारी प्रयोगशाळेतल्या दोन नोकरांनी त्यांना नेमून न दिलेल्या विषयात शोध लावले होते. सर्वोच्च न्यायालयाने पेटंट त्यांचंच ठेवलं आणि सरकारला फक्त ते वापरण्याचा हक्क दिला. मालकी एकाची आणि वापराची मोकळीक दुसऱ्याला, ही विभागणी मला अ‍ॅव्हटेकच्या पहिल्या निकालातल्या तडजोडीपेक्षा जास्त स्वच्छ वाटते.

हेच भारतात किंवा युरोपात घडलं असतं तर

भारताच्या 1957च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्राम साहित्यकृतींत मोडतो. कलम 17(सी)चा आशय असा की सेवेच्या किंवा शिकाऊ उमेदवारीच्या कराराखाली, नोकरीच्या ओघात केलेल्या कृतीची पहिली मालकी नोकरी देणाऱ्या कंपनीची असते, उलट करार नसेल तर. पायफर यांच्यासारख्या प्रकरणात इथेही सगळी मदार ‘नोकरीच्या ओघात’ या शब्दांवर येईल. युरोपीय संघाच्या सॉफ्टवेअर निर्देशाची भाषा अधिक नेमकी आहे. कर्तव्यं पार पाडताना किंवा मालकाच्या सूचनांनुसार केलेल्या प्रोग्रामचे आर्थिक हक्क मालकाचे, हे 1991 मध्ये ठरलं आणि 2009च्या नव्याने काढलेल्या निर्देशातही तसंच राहिलं.

फ्रीलान्सरची गोष्ट या सगळ्याच्या उलट. तो नोकर नसतो, त्यामुळे लेखी हस्तांतरण नसेल तर कोड सहसा त्याचाच राहतो, पैसे पूर्ण मिळालेले असले तरी. भारतात त्यात आणखी एक पेच आहे. कलम 19 प्रमाणे हस्तांतरणाच्या कागदात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. बाहेरच्या माणसाकडून अ‍ॅप करून घेतलेल्या किती स्टार्टअपनी आपला करार या दोन ओळींसाठी उघडून पाहिला असेल?

डेमो आवडला त्या दिवशी

अ‍ॅव्हटेक आणि पायफर यांच्यात एक दिवस असा होता, की त्या दिवशी एका पानाने पुढचं सगळं टळलं असतं. कंपनीला प्रोग्राम आवडला तो दिवस. संबंध चांगले होते आणि बाजारात विक्री सुरू व्हायची होती. कंपनीला मालकी हवी होती तर मोबदला ठरवून लेखी हस्तांतरण करून घ्यायचं. नुसती डेमोपुरती गरज होती तर वापराचा परवाना पुरेसा होता. पायफर यांनीही प्रोग्राम ऑफिसमध्ये दाखवण्याआधी ‘हा माझा आहे, तुम्ही तो अमुक कामासाठी वापरू शकता’ असं लेखी द्यायला हवं होतं. मग जो खटला ते जिंकले, तो त्यांना लढावाच लागला नसता.

मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात ही शिस्त फार आधीपासून पाळली जाते. जीएनयू एमॅक्स या टेक्स्ट एडिटरसारख्या प्रकल्पात मोठी भर घालायची तर फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन कॉपीराइट हस्तांतरणाचा कागद मागतं, आणि लिहिणारा नोकरीत असेल तर बहुधा त्याच्या कंपनीचंही पत्र मागतं, की या कामावर आमचा दावा नाही. गिटहबने 2017 मध्ये आपल्या नोकरांसाठीचा करार सगळ्यांना वापरता येईल असा खुला केला. त्यात फावल्या वेळातल्या, कंपनीच्या धंद्याशी संबंध नसलेल्या कामावर कंपनी हक्क सांगत नाही.

साइड प्रोजेक्ट सुरू करणाऱ्याने कंपनीकडून असं पत्र घ्यावं. त्यात प्रोजेक्टचं नाव असावं, तो काय करतो याचं दोन-तीन ओळींचं वर्णन असावं, सुरुवातीची तारीख असावी, आणि पुढच्या आवृत्त्याही यात येतात हे स्पष्ट लिहिलेलं असावं, नाहीतर .309 आणि 2.05 यांच्यातला वाद पुन्हा उभा राहतो. खाली सही अशा व्यक्तीची हवी जिला कंपनीच्या वतीने हक्क सोडण्याचा अधिकार आहे. टीमलीडचा ‘चालेल’ असा मेसेज त्या जागी चालत नाही. आणि हे पत्र पहिली ओळ लिहिण्याआधी मिळालेलं असावं.